गाडी बंद, पंखा चालू

लग्नाहून परत आले तेव्हा बातमी माझ्या आधीच कोल्हापुरात पोचली होती. भाजीवाल्या मावशींनीसुद्धा मेथी निवडता निवडता विचारलं, "काय हो वहिनी, तुमची गाडी म्हणे बोटीत अडकली?" मी म्हटलं, अडकली. मग प्रत्येकीला तेच सांगून जीभ दमली, आणि ह्यांनी सांगितलेल्या हकिगतीत तर खाडीला उधाण आलेलं, वारा सुटलेला आणि हे खंबीर उभे, असं काहीतरी निघालं. खाडी त्या दिवशी ताटात वाढलेल्या कढीसारखी शांत होती. म्हणून एकदाच लिहून टाकते.

कोल्हापूर

माझ्या नणंदेची, शैलावन्संची, मुलगी केतकी. तिचं लग्न ऐन वैशाखात गुहागरजवळ त्यांच्या गावी होतं. आमचे हे तिचे एकुलते एक मामा. मामानं नवरीला हाताला धरून अंतरपाटाशी आणायचं असतं, त्यामुळे वन्संनी फोनवर बजावलं होतं, "दादा, आदल्या दिवशी सकाळीच ये. हळदीला तू हवास."

हे "येतो" म्हणाले आणि आदल्या दिवसाचा मुक्काम गणपतीपुळ्याला ठरवून मोकळे झाले. कारण नवी गाडी.

गाडी ऑटोमॅटिक आहे. बटणावर चालू होते, बटणावर बंद होते. पण ह्यांचं मन गाडीत नव्हतं, गाडीतल्या एका भोकात होतं. पूर्वी त्या भोकात सिगारेट पेटवायची सोय असे. ह्यांनी उभ्या जन्मात सिगारेट ओढली नाही, पण कंपनीनं दिलेली वस्तू वाया जाऊ द्यायची नाही हा ह्यांचा बाणा. त्या भोकात ह्यांनी एक प्लग बसवला. त्या प्लगला चार तोंडं, त्यातल्या प्रत्येक तोंडाला आणखी दोन-दोन. त्यावर एक छोटा फ्रीज, दोन पंखे, चहाची किटली, पाठ चोळणारी गादी, समोरचा कॅमेरा, सीटखालची निळी दिव्यांची माळ आणि डॅशबोर्डावरच्या गणपतीमागे गरगर फिरणारी प्रभावळ. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या बिऱ्हाडात एवढी उपकरणं नव्हती.

"गाडी बंद, पंखा चालू!" हे दूधवाल्यापासून सोसायटीच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना सांगत. "ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबायचं. इंजिन झोपतं, घर जागं राहतं. पेट्रोलचा थेंब लागत नाही."

"मग वीज येते कुठून?" मी विचारलं.

"बॅटरीतून."

"आणि बॅटरीत कुठून येते?"

"तू प्रश्न फार विचारतेस," हे म्हणाले.

फ्रीजमध्ये मी खरवस भरला होता. माझ्या चुलतदिरांची म्हैस नुकतीच व्याली होती आणि माहेरच्या म्हशीचा खरवस म्हटला की वन्संच्या डोळ्यांत पाणी येतं. वेलदोडा घालून, वाफवून, वड्या पाडून डबे गच्च भरले. त्या फ्रीजचा एवढा एक उपयोग मला मान्य होता.

आंबा घाट

घाटाच्या तोंडाशी टपरीवर सगळे थांबतात, तसे आम्हीही थांबलो. टपरीवाल्याच्या भांड्यात चहा उकळत होता, आल्याचा वास सुटला होता. पण ह्यांनी गाडी बंद केली आणि किटली लावली.

टपरीवाला बाहेर येऊन उभा राहिला. दोन एसट्या आल्या, त्यांतली माणसं चहा पिऊन, भजी खाऊन, दरीकडं बघून "अगागागा" म्हणून निघूनही गेली. आमच्या किटलीतलं पाणी बाळाला न्हाऊ घालण्याइतपत कोमट झालं होतं.

"काका, उकळी यायच्या आत पावसाळा येईल," टपरीवाला म्हणाला.

मी खाली उतरून त्याचा चहा प्यायले. ह्यांनी कोमट पाण्यात पत्तीची पिशवी बुडवून ते पिवळं पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं आणि म्हणाले, "आरोग्याला हाच बरा."

घाट उतरला की हवा बदलते. कोल्हापूरचा कोरडा उन्हाळा वर राहतो आणि खाली अंगाला चिकटणारा दमटपणा सुरू होतो. साखरपा गेलं की रस्त्याच्या कडेला चिऱ्याचे गडगे, त्यांच्यावरून डोकावणारे फणस आणि मधूनच उघडा पडलेला काळा कातळ. आमच्याकडे शेताला बांध असतो तो ओलांडता येतो. इथला गडगा बघितला की माणूस आपोआप विचारून आत जातो.

गणपतीपुळे

आम्ही उतरलो ते लिमयेकाकूंच्या घरी. पुढं त्या राहतात, मागं पाहुण्यांच्या खोल्या. जेवणात केळीच्या पानावर उकडीचे मोदक, वालाचं बिरडं, फणसाची भाजी आणि आमसुलाचं सार. सगळ्यात गूळ. ह्यांनी दोनदा मिरचीचा ठेचा मागितला. काकूंनी दोन्ही वेळा लिंबाचं गोड लोणचं आणून वाढलं आणि "हे जरा तिखटच आहे हो, बेतानं घ्या," म्हणाल्या.

दर्शन झालं, समुद्र झाला. संध्याकाळी खोलीवर आलो आणि लाइट गेली. काकूंच्या घरात कोणी साधं "अरे" सुद्धा म्हणालं नाही. त्यांनी ओटीवरचं दार उघडलं, सुरूच्या बनातून वारा आला, त्या झोपाळ्यावर बसल्या. झालं.

ह्यांना मात्र आयती संधी सापडली. "चल, गाडीत बसू."

मी ओटीवरच बसले. हे अंगणात गाडीत जाऊन बसले. दोन्ही पंखे सुरू, पाठीला गादी सुरू, सीटखाली निळा उजेड, गणपतीची प्रभावळ गरगर. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांना बोलावून ह्यांनी एकेकाची पाठ चोळून दिली. सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला लावून घेतले. एखाद्या जत्रेतल्या पाळण्यासारखी माणसं रांगेत उभी होती.

काकू कोकमाचं सरबत घेऊन गाडीशी गेल्या. "अहो, इकडे ओटीवर या की. घर बांधलंय ते वारा लागावा म्हणूनच."

"काकू, ही आधुनिक सोय आहे. इंजिन बंद आहे बघा."

"हो, पण तुम्ही घामानं निथळताय," काकू म्हणाल्या.

दारं उघडी ठेवली की डास आत जात होते आणि लावली की हे उकडत होते. तरी लाइट परत येईपर्यंत हे आतच बसून राहिले. तेवढ्यात वन्संचा फोन येऊन गेला. हळद लागली होती, मागं बायकांची गाणी चालली होती. "दादा कुठाय?" मी म्हटलं, "गाडीत." त्यांना वाटलं, आम्ही वाटेत आहोत.

सकाळी बटण दाबल्यावर गाडीनं म्हाताऱ्या माणसानं पाटावरून उठताना काढावा तसा आवाज काढला. मग उठली.

"हे काय?" मी विचारलं.

"खारी हवा," हे म्हणाले.

जयगड

गुहागरला जायचं तर जयगडला खाडी आडवी येते. गाडीसकट बोटीत चढायचं, पलीकडे तवसाळला उतरायचं. लग्नसराई असल्यामुळे जेटीवर रांग लागली होती. ऊन मी म्हणत होतं. सगळ्यांनी गाड्या बंद केल्या आणि माणसं टपरीच्या सावलीला गेली. आम्ही गाडी बंद केली आणि आत बसलो. पंखे चालू.

बोटीत शिरताना आमचा नंबर पहिला लागला. म्हणजे आमची गाडी थेट पुढच्या तोंडाशी, उतरायच्या फळीसमोर. आमच्यामागे बर्फात मासे भरलेला टेम्पो, त्याच्यामागे फुलं लावलेली एक मिनीबस, शेवटी फुलं लावलेलीच एक छोटी लाल गाडी, आणि कडेनं दुचाक्या.

"सगळ्यांनी इंजिन बंद करा!" खलाशी ओरडला. हे वाक्य ह्यांच्या किती आवडीचं, हे त्याला काय ठाऊक.

खाडीवर मात्र छान वाटलं. एका बाजूला किल्ल्याची तटबंदी, दुसऱ्या बाजूला वीज तयार करणाऱ्या कारखान्याची उंच चिमणी. हे कौतुकानं चिमणीकडं बघत म्हणाले, "अर्ध्या महाराष्ट्राला पुरेल एवढी वीज करत असतील!"

त्याच क्षणी आमचे दोन्ही पंखे मंदावले. गणपतीची प्रभावळ एकदा फिरली, अर्धी फिरली आणि थांबली.

तवसाळ

बोट लागली. फळी खाली पडली. दुचाक्या भुर्रकन गेल्या. ह्यांनी बटण दाबलं.

टक टक टक टक टक.

पुन्हा दाबलं. टक टक. तिसऱ्यांदा तेही नाही.

मासेवाल्या टेम्पोतून एक धिप्पाड बाई उतरली. "काय झाला?"

"थोडा तांत्रिक अडथळा आहे," हे म्हणाले.

"बंद पडली म्हणा की! ढकला रे हिला!"

खलाशी आले, टेम्पोवाला आला, सगळ्यांनी मिळून जोर लावला. गाडी रुसलेल्या म्हशीसारखी जागची हलेना. ह्यांनी हात वर करून समजावलं, की गिअरचा दांडा 'पी'वर अडकलाय, आणि बॅटरीत वीज असल्याशिवाय तो तिथून निघत नाही. "ही सुरक्षेची सोय आहे."

"कोणाच्या?" मासेवाली म्हणाली. "माझा बरफ पानी होतोय!"

मिनीबसवाल्याकडे बॅटरीला बॅटरी जोडायची केबल होती. पण आमची बॅटरी पुढं, पाण्याच्या तोंडाशी. मिनीबस मागं, आणि मध्ये माशांचा टेम्पो. केबल निम्म्यातच संपली. पोचली असती तरी ह्यांनी लावू दिली नसती. बॉनेटवर दोन्ही हात पसरून हे म्हणत होते, "परकी बॅटरी लावली की वॉरंटी जाते!"

एव्हाना मिनीबसमधून भगवा फेटा बांधलेले एक गृहस्थ उतरले होते. मिशा फेट्याला शोभतील अशा. "काय वो, गाडी काढा पुढं! मुहूर्त हाय आमचा!"

"आम्हालाही लग्नालाच जायचंय," हे म्हणाले.

"मंग जावा की! आमाला कशापायी अडवताय?"

उन्हानं आणि अपमानानं ह्यांचं डोकं तापलं होतं. "एवढी घाई होती तर काल यायचं होतं! शहाणी माणसं लग्नाला आदल्या दिवशी पोचतात!"

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले.

फेटेवाले भडकले. "तुमी ज्यांच्या लग्नाला चाललाव ना, त्यांचं काय खरं नाय! असला पाव्हना आमच्यात आला असता तर मांडवाभायेर बसवला असता!"

भांडण आता वाढणार म्हणून मी नजर वळवली, ती मिनीबसच्या काचेवर गेली. काचेवर गुलाबी कागद चिकटवला होता. चि. निखिल व चि. सौ. कां. केतकी.

आमचीच केतकी. साखरपुड्याला आम्ही गेलो नव्हतो, कारण तेव्हा ह्यांची गाडी यायची होती आणि जुन्या गाडीतून ह्यांना जायचं नव्हतं. त्यामुळे ते आम्हाला ओळखत नव्हते, आम्ही त्यांना ओळखत नव्हतो. आणि नवरीचा मामा नवऱ्याच्याच वऱ्हाडाला बोटीत कोंडून, वर त्यांना लवकर निघायचे धडे देत होता.

मी ह्यांची बाही ओढून कानात सांगितलं. ह्यांचा चेहरा गणपतीच्या प्रभावळीसारखा झाला. फिरायचा थांबलेला.

काहीतरी करायला हवं होतं. मी गाडीचं दार उघडून फ्रीजमधला खरवस बाहेर काढला. थंडपणा गेला होता, पण वड्या चांगल्या होत्या. डबा फेटेवाल्यांपुढं धरला. "घ्या. तोंड गोड करा."

"हे काय आनि मधीच?"

"कोल्हापूरचा खरवस आहे. मी केतकीची मामी. आणि हे," मी मागं बोट केलं, "तिचे मामा."

फेटेवाल्यांचा हात डब्यापाशी थांबला. ते नवरदेवाचे काका होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी तात्यांकडं. मग दोघांनी एकाच वेळी हात जोडले. शेवटी तात्यांनी वडी तोंडात टाकली. "वेलदोडा बरा घातलाव," ते म्हणाले.

मग डबा वऱ्हाडात फिरला. मासेवालीनं आधी कपाळावर हात मारून घेतला, "माझी सुरमई मरतेय दुसऱ्यांदा, आनि ह्ये खरवस वाटतायत!" आणि दोन वड्या घेतल्या. वऱ्हाड हसायला लागलं. पण गाडी काही हलली नव्हती, आणि बोटीचा मालक जेटीवरून ओरडत होता की आता बोट परत जयगडला न्यावी लागेल, पलीकडे रांग खोळंबलीय.

तेवढ्यात वन्संचा फोन आला. "दादा कुठं आहे? नवऱ्याकडचे पण आले नाहीत अजून!"

"ते आमच्यामागेच आहेत," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. पलीकडे मग फोन कोणीतरी हिसकावून घेतला.

"मामी, व्हिडिओ कॉल लाव," केतकी म्हणाली. "चिपळूणला बाजारात मी ऑफिसच्या गाडीत गाणी ऐकत बसले होते ना, तेव्हा माझी अश्शीच अडकली होती. अख्ख्या बाजारानं शिव्या घातल्या. मामाला सांग, गिअरच्या शेजारी एक छोटं झाकण आहे."

ह्यांनी वाकून बघितलं. झाकण होतं. "पण ते उघडलं तर वॉरंटी..."

"मी बघतो, मामा." मागच्या लाल गाडीतून नवरदेव स्वतः आला होता. पांढरा सदरा, कपाळाला टिळा. मिनीबसमध्ये जागा नव्हती म्हणून हा बिचारा स्वतःच्या लग्नाला स्वतः गाडी चालवत निघाला होता. तो सीटवर आडवा झाला आणि मी फोन त्याच्यापुढं धरणार, तोच तात्या कडाडले, "थांबा! मुहूर्ताआधी नवऱ्यानं नवरीचं तोंड बघायचं नाय!"

"तात्या, झाकण दाखवायचंय तिला."

"झाकान दाखवा. तोंड नाय बघायचं!"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं ह्यांच्या हातात दिलं, आणि गाडीच्या दारात, फोन आणि नवरदेव यांच्यामध्ये उपरणं आडवं ताणून दोघे उभे राहिले. उपरण्याखालून मी फोनचा कॅमेरा गिअरकडं केला. पलीकडून शालूतली नवरी सांगत होती, अलीकडे नवरा ऐकत होता.

"टोकदार काहीतरी घे. झाकण उचक."

मी अंबाड्यातला आकडा काढून दिला. टक् करून झाकण निघालं.

"आत बोट घाल. दाब. दाबून ठेव आणि ब्रेकवर पाय देऊन दांडा मागं ओढ."

"ओढतोय."

"नुसतं ओढतोय म्हणू नकोस, ओढ!"

"सुरू झाला म्हणायचा संसार," मासेवाली म्हणाली.

दांडा सरकला. बोटीवर टाळ्या पडल्या. मग अख्ख्या वऱ्हाडानं जोर लावला. फेटे, पैठण्या, अत्तर लावलेली पोरं, खलाशी आणि तात्या. गाडी फळीवरून उतरली आणि जेटीचा चढ चढताना एकदा मागं घसरली. निखिलनं मनगटावर तिचा भार घेतला आणि कळवळला, पण सोडलं नाही. एका बाजूला वडाच्या सावलीत गाडी लावून हाताचा ब्रेक ओढला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मासेवालीचा टेम्पो आमच्या शेजारून धुरळा उडवत गेला. जाताना तिनं हात हलवला.

लग्नघर

आम्ही वऱ्हाडाच्या मिनीबसमधून, दारापाशी उभ्यानं, मांडवात पोचलो. नवऱ्याकडच्यांना ओवाळायला दारात आरती घेऊन बायका उभ्या होत्या, त्यांच्या पुढं वन्सं. बसमधून पहिले उतरले ते ह्यांनाच वाट करून देणारे तात्या, आणि मग हे. वन्संनी सवयीनं ताम्हन उचललं, आणि भाऊ दिसल्यावर ते तसंच धरून म्हणाल्या, "दादा, तू कुणाकडचा रे?"

ह्यांनी खाली मान घातली. वन्संनी तरी ओवाळलं. "आलास ना, बास," म्हणाल्या आणि पदरानं ह्यांचा घाम पुसला. मला वाटलं होतं त्या रागावतील. ह्यांनाही वाटलं असावं, कारण बोलणी खायच्या तयारीनं आलेला माणूस माया मिळाल्यावर जसा दिसतो, तसे हे दिसत होते.

हे आत गेले आणि केतकीचा हात धरून बाहेर आले. तिच्याशी काहीतरी बोलत होते. नंतर मी विचारलं, काय म्हणालात? तर म्हणे, "माफ कर म्हटलं. हळदीला नव्हतो." ती काय म्हणाली? "म्हणाली, मामा, रडू नकोस, माझं काजळ जाईल."

मंगलाष्टकं झाली. पाणिग्रहणाच्या वेळी नवरदेवाचं मनगट एवढं सुजलं होतं की गुरुजींनी "हात हातात द्या" म्हटल्यावर केतकीनं त्याची फक्त बोटं धरली. जेवायच्या आधी गावच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली. आमची गाडी दुपारी गावातल्या एका मेकॅनिकनं परकी बॅटरी लावून चालू केली. हे तेव्हा पंगतीत होते. कोणी विचारलंच नाही, त्यामुळे वॉरंटीचा विषय निघाला नाही.

संध्याकाळच्या आत खाडी ओलांडायची म्हणून पाठवणी लवकर झाली. सगळ्या बायका रडत होत्या. वन्सं रडत होत्या, मी रडत होते. लाल गाडीपाशी आल्यावर तात्यांच्या लक्षात आलं, की नवरदेवाचा उजवा हात गळ्यात आहे.

"गाडी कोन चालवनार?"

निखिलनं नवरीकडं बघितलं.

"नवी सून?" तात्या म्हणाले. "पयल्या दिवशी?"

केतकी आईच्या गळ्यात पडून हमसून रडली, मामाच्या पाया पडली. मग शालूचा घोळ सावरत चालकाच्या दारानं आत शिरली, सीट पुढं ओढली, मुंडावळ्या दोन्ही कानांमागं सारल्या. निखिल शेजारी बसला. तात्या क्षणभर घुटमळले, आणि मग फेटा काढून मांडीवर घेत मुकाट्यानं मागच्या सीटवर बसले.

वन्सं गाडीच्या मागं उभ्या राहून तोंडाला पदर लावून रडत होत्या. केतकीनं डोळे पुसले, आरशात बघितलं, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आवाज अजून रडवेलाच होता.

"आई, बाजूला हो ना गं. गाडी मागं घेतेय."